आमचें एक मत

२०२५ च्या चातुर्मासांत आमच्या मुलुंडच्या घरीं एक निवडणूक लढविली गेली. उमेदवार आमचा नातू, वय वर्षें चौदा, इयत्ता नववी. मतदारसंघ म्हणजे एक नगरी, जी मुलुंडच्या नकाशावर नाहीं, मुंबईच्या नाहीं आणि पृथ्वीच्याहि नाहीं. पद मात्र नगराध्यक्षाचें. ही हकीकत या सदराच्या शेवटीं दोन ओळींत गमतीखातर सांगावी, असें आम्हीं प्रथम योजिलें होतें. परंतु पुढें तिच्या ओघांत आमचेंच एक जुनें पाप वर आलें आणि गंमत मागें पडली. म्हणून या महिन्याचें सर्व सदर आम्ही तिलाच देत आहों.

ज्या वाचकांच्या घरीं शाळकरी मुलें आहेत त्यांस ‘माइनक्राफ्ट’ हें नांव नवें नसेल. ज्यांच्या घरीं नाहींत त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. हा संगणकावरील एक खेळ आहे. स्वीडनमधील एका लहानशा कंपनीनें तो तयार केला. २०११ सालीं तो पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी अडीचशें कोटि डॉलरांस विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. या खेळांतील सारें जग चौकोनी ठोकळ्यांचें. ठोकळे फोडावे, दुसरीकडे रचावे, आणि घर, पूल, किल्ला, जें मनांत येईल तें उभें करावें. रात्र पडली कीं अंधाऱ्या जागीं राक्षस उत्पन्न होतात. त्यामुळें दिवाबत्ती हा तेथें शोभेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. उपनगरांतील पावसाळी रस्ते ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें साम्य विस्तारानें सांगावयास नको.

त्याच ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारनें पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हां आमच्या सूनबाई घाबरून गेल्या होत्या. त्यांस आम्हीं सांगितलें तेंच येथेंहि सांगतों, कीं त्या खेळांची आणि या खेळाची जात वेगळी. येथें पणास लागतो तो मुलांचा वेळ आणि त्यांचे डोळे. म्हणून आमच्या घरीं रोज पाऊण तासाची मर्यादा आहे, आणि घड्याळ आमच्या घरांतून सांभाळतात.

असें एखादें जग कोणी एकानें आपल्या यंत्रावर मांडून दिलें कीं त्याला सर्व्हर म्हणतात, आणि ठिकठिकाणचीं मुलें आपापल्या घरीं बसून त्यांत एकत्र वावरतात. त्याला ‘टाउनी’ नांवाची एक जोडणी लावतां येते. तिच्या योगानें सोळा ठोकळे लांब आणि सोळा रुंद असे भूखंड पडतात, नगर वसवितां येतें, नागरिक दाखल करून घेतां येतात आणि त्यांच्यावर कर बसवितां येतो. दर दिवशीं नगराच्या खजिन्यांतून निर्वाहाचा ठराविक खर्च वजा होतो. खजिना रिता झाला कीं नगर मोडलें. नगरप्रमुखास ‘मेयर’ हाच शब्द आहे. मुळांत नगर स्थापील तोच मेयर, असा नियम. निवडणूक ही आमच्या नातवाच्या मंडळींनीं स्वतःहून घातलेली रीत. हें जग मांडणारा ठाण्याचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, आणि नागरिक मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीपासून सांगली, नाशिक आणि थेट न्यू जर्सीपर्यंत पसरलेले आहेत. नगरीचें नांव छापण्यास नातवानें मनाई केली आहे, ती आम्ही पाळतों.

मावळत्या अध्यक्षानें खजिन्यांतलें बरेंच सोनें खर्चून चौकांत स्वतःचा पुतळा उभारला होता. आणखी आठ दिवस तसेंच चाललें असतें तर पुतळ्यासकट नगरी नाहींशी झाली असती. या असंतोषावर आमचे चिरंजीवांचे चिरंजीव उभे राहिले. प्रतिस्पर्धी बोरिवलीची एक मुलगी. वयानें याच्याहून एका वर्षानें मोठी आणि, नातवाच्याच शब्दांत, “डेंजर हुशार”.

जाहीरनामा तपासण्यासाठीं आमच्याकडे आला. आम्हीं जुन्या संवयीनें तांबडी शाई काढली. ‘आम्ही रस्त्यांवर दिवे लावूं’ या वाक्यांत व्याकरणाची चूक नव्हती. परंतु कोणत्या रस्त्यांवर, किती दिवे आणि पैसा कोठून, याचा पत्ता नव्हता. आम्हीं समासांत तीन प्रश्नचिन्हें काढलीं. तो चिडून म्हणाला, “आजोबा, खऱ्या निवडणुकीत तरी असं कोण लिहितं?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तरीहि दुसऱ्या दिवशीं कागद सुधारून आला. वेशीपासून खाणीपर्यंत दर सहा ठोकळ्यांवर एक दिवा, खर्च चालू करांतून, आणि दर रविवारीं जमाखर्चाची पाटी चौकांत.

ही पाटी आमची सूचना होती हें कबूल करतों. तमिळ देशांत उत्तरमेरूर म्हणून एक गांव आहे. तेथील देवळाच्या भिंतींवर चोल राजा परांतक याच्या काळचे, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे, शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्या कशा निवडाव्या याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. उमेदवाराचें वय पस्तीस ते सत्तर असावें, स्वतःच्या जागेवर त्याचें घर असावें, इत्यादि अटी आहेतच. परंतु आम्हांला सदैव भावतें तें हें, कीं पूर्वीं समितीवर असून ज्यानें हिशेब दिला नाहीं तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातलगहि अपात्र. पात्र व्यक्तींचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्यांवर लिहून घटांत टाकीत, आणि एका अजाण बालकाच्या हातून चिठी काढीत. कौटिल्यानेंहि नगराच्या व्यवस्थेसाठीं ‘नागरिक’ नांवाचा अधिकारी सांगितला आहे, आणि त्याच्या हाताखालीं दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची मोजदाद ठेवणारा ‘गोप’. म्हणजे ‘नागरिक’ हा शब्द एके काळीं अधिकाऱ्याचा होता. आज तो प्रत्येकाचा झाला आहे. हा बदल लहान नव्हे.

तो किती मोठा आहे याचा प्रत्यय लगेच आला. नगरींतल्या कांहीं थोरल्या मुलांनीं ठराव आणला, कीं ज्यांचा स्वतःचा भूखंड आहे आणि जे कर भरतात त्यांनाच मत असावें. नवे आलेले नऊ जण भूखंडावांचून होते. भूखंडवाले बहुतेक आमच्या नातवाच्या बाजूचे. म्हणजे ठराव त्याच्या सोयीचा. त्यानें आम्हांला विचारलें, “बरोबरच आहे ना? जो टॅक्स भरतो त्याचंच मत.”

आम्हीं त्याला आपल्याच महापालिकेची कथा सांगितली. १८७२ च्या कायद्यानें मुंबईला ६४ सभासदांची महापालिका मिळाली आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरलें. १८८८ चा महापालिकेचा कायदा तर आजहि चालू आहे. सर फिरोजशहा मेहता चार वेळां अध्यक्ष झाले. १९३१ सालीं अध्यक्षाला ‘मेयर’ हें नांव आलें. परंतु प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत देऊन झालेली पहिली निवडणूक १९४८ ची. म्हणजे ‘कर भरील त्याचें मत’ येथून ‘राहील त्याचें मत’ येथपर्यंत यावयास या शहराला शाहात्तर वर्षें लागलीं. त्यानंतर १९५० सालीं अंधेरी, घाटकोपर हीं उपनगरें आणि १९५७ सालीं बोरिवली, मुलुंड हीं मुंबईच्या हद्दींत आलीं. “आपण मुलुंडकर मुंबईचे नवे आलेलेच नागरिक आहोंत,” आम्ही म्हणालों. “आपल्याला कोणी भूखंड विचारला नाहीं.”

तो कांहीं वेळ गप्प बसला. मग त्यानें एक साधा प्रश्न विचारला, “आजोबा, तुम्ही महापौराला मत दिलं होतं का?”

“नाहीं,” आम्ही म्हणालों, “आपण नगरसेवक निवडतों. त्यांची संख्या २२७. ते महापौर निवडतात.”

“मग महापौर शहर चालवतो?”

“कायद्यानें कारभाराचा अधिकार आयुक्तांचा, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतें.”

“आणि आत्ता महापौर कोण आहे?”

आत्तां कोणीच नाहीं, असें त्याला सांगावें लागलें. २०२२ च्या मार्चमध्यें सभागृहाची मुदत संपली. तेव्हांपासून मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हातीं होता. पुढची निवडणूक २०२६ च्या जानेवारींत झाली. नातू आम्हांशीं हें बोलत होता तेव्हां एवढ्या मोठ्या शहराला महापौर नव्हता, आणि त्याच्या ठोकळ्यांच्या नगरींत दोन उमेदवार खाणीपर्यंतच्या दिव्यांवरून भांडत होते. त्यानें उपरोधानें कांहीं म्हटलें नाहीं. उपरोध करण्याइतका तो मोठा झालेला नाहीं. ठरावाच्या विरुद्ध मात्र त्यानें मत दिलें, आणि नऊ नव्या नागरिकांना मताधिकार मिळाला. त्यांतले बहुतेक बोरिवलीच्या मुलीकडे गेले.

वाचक म्हणतील, हा सारा पोरखेळ आहे. आम्हींहि तसेंच म्हटलें होतें. परंतु शोध घेतां असें दिसलें, कीं जगांत अशा निवडणुका वीस वर्षांहून अधिक काळ होत आल्या आहेत. ‘द सिम्स ऑनलाइन’ या खेळांत अल्फाव्हिल नांवाचें एक नगर होतें. तेथें २००४ सालीं अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूस विद्यमान अध्यक्ष, वय एकवीस. दुसऱ्या बाजूस एक चौदा वर्षांची मुलगी. अध्यक्षाला ४६९ आणि मुलीला ४११ मतें पडलीं. परंतु कित्येकांच्या संगणकावरील संरक्षक व्यवस्थेमुळें त्यांचें मत नोंदलेंच जाईना, आणि निवडणुकींत लबाडी झाल्याचे आरोप झाले. अमेरिकेच्या नभोवाणीनें या वादाची दखल घेतली. २००८ सालीं तो खेळच बंद झाला. विजय, पराजय आणि तक्रारी सर्व एकदम मिटल्या.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. आइसलंडमधील एका कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळांत २००८ पासून खेळाडू मतदानानें आपलें प्रतिनिधिमंडळ निवडतात, आणि त्या मंडळाला आइसलंडला बोलावून कंपनी त्याचें म्हणणें ऐकून घेते. या मंडळावर एके काळीं निवडून आलेला शॉन स्मिथ हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यांतला कर्मचारी होता. ११ सप्टेंबर २०१२ रोजीं लिबियांतील बेनगाझी येथें अमेरिकेच्या कचेरीवर हल्ला झाला, त्यांत तो मारला गेला. तेव्हां त्या खेळांतील लोकांनीं आपापल्या अंतराळस्थानकांचीं नांवें बदलून तेथें त्याचें नांव लावलें. स्थानकें खोटीं होतीं. शोक खरा होता.

आणि माइनक्राफ्टचीच गोष्ट घ्यावयाची तर २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांची मानवी वसाहतींची संस्था या खेळाचा उपयोग लोकांकडून चौक आणि बागा आखून घेण्यासाठीं करीत आली आहे. नैरोबींतील जीवनजी बाग, काठमांडूजवळच्या कीर्तिपुरांतील एका तळ्याचा परिसर, अशा जागांचा विचार तेथील रहिवाशांनीं ठोकळे रचून केला. ज्याला नकाशा वाचतां येत नाहीं त्यालाहि ठोकळ्यांचें बांक कोठें असावें हें सांगतां येतें. हें वाचून आमच्या घरांतून म्हणाल्या, “मग आपल्या गल्लींतलं गटार त्याच्याकडूनच आखून घ्या.”

असो. मतदानाचा दिवस आला. रीत सुरेख होती. दगडी खोलींत दोन पेट्या. प्रत्येक नागरिकास एक कोरा कागद. एकट्यानें आंत जाऊन तो हव्या त्या पेटींत टाकावयाचा. आपल्या देशांतहि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, हें आम्हांला आठवलें. शनिवारीं मतदान आणि रविवारीं सायंकाळीं मोजणी झाली. एकूण ४१ मतें. बोरिवली २०, मुलुंड २१. घरांत आरडाओरड झाली. सूनबाईंनीं शिरा केला. आमचीहि छाती उगाच फुगली, कारण जाहीरनाम्यांतील शुद्धलेखन आमचें होतें.

शाळामास्तर निवृत्त झाला तरी त्याची एक खोड जात नाहीं. त्याला हजेरीपट पाहिल्याशिवाय चैन पडत नाहीं. शिरा खातां खातां आम्हीं मतदारयादी पाहावयास मागितली. नांवें एकाहून एक अचाट. कोणी वाघ, कोणी वज्र, कोणी बटाटावडा. सदतिसाव्या क्रमांकावर मात्र आमचें आडनांव होतें, आणि त्यापुढें आमचें जन्मवर्ष.

“हा कोण रे?”

तो गप्प. मग हळूच म्हणाला, “तुम्हीच, आजोबा.”

“मी? मी केव्हां आलों?”

“मागच्या आठवड्यांत. बाबांचं जुनं खातं पडून होतं, त्याचं नांव बदललं. काल तुम्ही मतसुद्धां दिलंत.”

“कोणाला?”

“मला.”

आम्हांला प्रथम हंसूं आलें, हें लपवीत नाहीं. मग तो जें बोलला त्यानें हंसूं ओसरलें. तो म्हणाला, “विचारलं असतं तर तुम्ही मलाच दिलं असतं ना? मग काय चुकलं?”

हा युक्तिवाद आमच्या ओळखीचा होता. पस्तीसेक वर्षांमागची गोष्ट. मतपत्रिकांचे दिवस. उपनगरांतील एका केंद्रावर आम्ही मतदान केंद्राध्यक्ष होतों. दुपारीं साडेतीनच्या सुमारास एक साठीच्या बाई आल्या. नऊवारी लुगडें, हातांत घडी घातलेली चिठी. यादींत पाहतों तों त्यांच्या नांवावर खूण झालेली. कोणी तरी सकाळींच त्यांचें मत देऊन गेलें होतें. त्यांच्या बोटावर शाई नव्हती.

अशा वेळीं काय करावें हें कायदा सांगतो. ओळखीची खात्री पटली तर त्या मतदारास वेगळी मतपत्रिका द्यावयाची. तिला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. ती पेटींत टाकीत नाहींत. निराळ्या पाकिटांत ठेवतात आणि तिची नोंद करतात. सामान्यतः ती मोजलीहि जात नाहीं. निवडणुकीचा वाद न्यायालयांत गेला तरच तिचा विचार होऊं शकतो. तरीहि ती घ्यावयाचीच, कारण तो माणूस खरोखर आला होता याचा तेवढाच लेखी पुरावा उरतो. हें सर्व आम्हांला ठाऊक होतें. प्रशिक्षणांत त्यावरच्या प्रश्नाचें उत्तर आम्हींच हात वर करून दिलें होतें.

परंतु रांग लांब होती. नोंदीचा कागद भरावा लागणार होता. एका उमेदवाराचा प्रतिनिधि आमच्याकडे टक लावून पाहत होता, आणि तो कां पाहत आहे हें आम्हांला कळत होतें. आम्ही म्हणालों, “बाई, तुमचं मत झालेलं आहे.” त्या म्हणाल्या, “अहो, मी तर आत्ताच येतेंय.” आम्हीं पुढच्या माणसाला बोलाविलें. त्यांनीं स्वतःचें बोट एकदां उलटसुलट करून पाहिलें, जणूं चूक त्या बोटाचीच असावी, आणि त्या निघून गेल्या. सायंकाळीं आम्हीं पेट्या मोहोरबंद केल्या, अहवालांत ‘मतदान शांततेंत पार पडलें’ असें लिहिलें आणि घरीं आलों. ही गोष्ट आजवर आम्हीं घरांतहि कोणास सांगितली नव्हती. त्या रविवारीं नातवाला सांगितली.

“ज्यानें त्यांचं मत दिलं तोहि असंच म्हणाला असेल, कीं म्हातारी आपल्यालाच मत देणार होती,” आम्ही म्हणालों. “कदाचित् तें खरंहि असेल. पण त्या एवढ्या चालत आल्या होत्या.”

“त्यांचं नांव काय होतं?”

“आठवत नाहीं.”

हें उत्तर देतांना आम्हांला जें वाटलें तें कागदावर उतरविणें कठीण आहे. ज्या नांवावरची खूण आम्हीं डोळ्यांनीं पाहिली तें नांवच आम्हीं विसरलों, आणि आमचें नांव मात्र न विचारतां वापरलें गेलें म्हणून आम्ही नातवास जाब विचारीत होतों.

पुढें काय करावें हें आम्हीं त्याला सांगितलें नाहीं. कर असेंहि म्हटलें नाहीं, करूं नको असेंहि नाहीं. खोटें मत दिलें म्हणून त्याचा कान धरण्याचा अधिकार आपल्याला आहे कीं नाहीं, याचीच आम्हांला शंका होती. तो न बोलतां उठून गेला. रात्रीं जेवावयास आला तेव्हां कोणाकडे पाहीना. दुसऱ्या दिवशीं शाळेंतून आल्यावर त्यानें आपल्या पाऊण तासांतलीं पहिलीं पांच मिनिटें खर्च करून नगरीच्या चौकांत पाटी लावली. जेथें जमाखर्चाची पाटी लागावयाची होती, तेथेंच. मजकूर असा: ‘सदतीस नंबरचं मत मी दिलं. ते आजोबा आहेत पण ते आले नव्हते. म्हणजे वीस-वीस.’ विरामचिन्हें चुकलेलीं होतीं. आम्हीं तपासलीं नाहींत.

नगरींत मोठा गहजब झाला. कांहीं जण म्हणाले याला हांकलून द्या. कांहीं म्हणाले, एवढ्यानें काय होतें, सगळेच करतात. आपल्या कायद्यांत समान मतें पडलीं तर चिठी टाकून निकाल लावतात, हें आम्हीं त्याला सांगितलें होतें. तें त्यानें तेथें मांडलें. बोरिवलीच्या मुलीनें त्यास नकार दिला. ती म्हणाली, चिठीनें निवडून आलें तर लोक उद्यां चिठीलाच नांवें ठेवतील. पंधरा दिवसांनीं मतदान पुन्हां घ्या. ठाण्याचा विद्यार्थी, ज्याचें यंत्र, तो एका कळीसरशीं सर्व मिटवूं शकला असता. जगाचा मालक तोच. परंतु त्यानें हात घातला नाहीं, आणि याबद्दल त्या तरुणाचें आम्हांला कौतुक वाटतें. हातीं सर्व सत्ता असून निवडलेल्यांना त्यांचें भांडण करूं देणें ही गोष्ट त्याच्याहून वडील माणसांनाहि साधत नाहीं.

राहिला प्रश्न सदतिसाव्या क्रमांकाचा. त्याचाहि ठराव झाला. आजोबा स्वतः येऊन पंधरा दिवस राहतील तर नागरिक, न राहतील तर नांव कमी करावें.

आम्ही राहिलों. वाचकांनीं हंसावें, आमची हरकत नाहीं. रोज दुपारीं चहानंतर वीस मिनिटें. पहिले तीन दिवस आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतों, कारण वळावें कसें तें कळेना. चौथ्या दिवशीं खड्ड्यांत पडलों. सहाव्या दिवशीं नाशिकच्या कोणा ‘वज्र’ नामक नागरिकानें आम्हांला घर बांधावयास लांकूड दिलें आणि त्याबद्दल कांहीं मागितलें नाहीं. दहाव्या दिवशीं रात्रीं खाणीच्या वाटेवर एका राक्षसानें आम्हांला मारलें, आणि दिव्यांचें कलम जाहीरनाम्यांत किती आवश्यक होतें हें आम्हांस स्वानुभवानें पटलें. दोन्ही उमेदवार आमच्या दारीं मत मागण्यास येऊन गेले. बोरिवलीच्या मुलीनें आम्हांला ‘काका’ म्हणून हांक मारली, तिची योजना समजावून सांगितली, आणि जातांना आमच्या दारांत एक दिवा लावून दिला. नातूहि रीतसर दारावर आला, आणि आम्ही पलीकडच्या खोलींत बसलों असतां “मत द्या, आजोबा” असें तेथें लिहून गेला.

फेरमतदान झालें. आम्ही दगडी खोलींत एकटे गेलों, आमचा कोरा कागद एका पेटींत टाकला आणि बाहेर आलों. त्या वेळीं ज्या बाईंना आम्हीं परत पाठविलें होतें त्यांची आठवण झाली नाहीं असें म्हणणें खोटें होईल.

निकाल: मुलुंड १७, बोरिवली २४.

नातू रडला नाहीं. जेवण झाल्यावर कागद पेन्सिल घेऊन आमच्याशेजारीं बसला. म्हणाला, “आजोबा, तुम्ही सोडून चाळीस जण. आधी वीस-वीस होते. माझ्याकडचे तिघे तिकडे गेले असतील तर सतरा-तेवीस. म्हणजे तुमचं मत तिला. चौघे गेले असतील तर सोळा-चोवीस. म्हणजे तुमचं मत मला.”

“गणित बरोबर आहे,” आम्ही म्हणालों.

“मग? तिघे कीं चौघे?”

“तें गणितानें सुटणार नाहीं.”

“खरं बोललों म्हणून मतं गेलीं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजांत तक्रार होती आणि ती रास्त होती. त्याचें सांत्वन करण्यासाठीं सत्याचा अंतीं जय होतो वगैरे सांगण्याचा मोह आम्हांला झाला. परंतु तसें घडलेलें त्यानें नुकतेंच पाहिलें नव्हतें, आणि आम्हींहि नेहमी पाहिलेलें नाहीं. म्हणून एवढेंच म्हटलें, कीं जीं सतरा मतें पडलीं त्यांतलें प्रत्येक माणूस स्वतः चालत आलें होतें. त्यानें कागदाची घडी केली. मग पुढची निवडणूक केव्हां तें सांगून झोंपावयास गेला.

नव्या अध्यक्षांनीं खाणीपर्यंतचे दिवे लावले. कलम आमच्या नातवाच्या जाहीरनाम्यांतलें आहे. अंतर मात्र सहाऐवजीं आठ ठोकळ्यांचें ठेवलें, त्यामुळें मध्यें मध्यें अंधार राहतो. त्याविषयीं सदतिसाव्या क्रमांकाच्या नागरिकानें चौकांत लेखी तक्रार लावली आहे. जमाखर्चाची पाटी दर रविवारीं लागते.

आमच्या घरांतून आणि सूनबाई अजून अधूनमधून विचारतात, कीं तुम्हीं मत कोणाला दिलेंत तें आतां तरी सांगा. नातू विचारीत नाहीं, पण आम्ही उत्तर देतांना कान देऊन असतो. आम्हीं अनेक निवडणुकांत लोकांना सांगत आलों तेंच त्यांना सांगतों: मतदान गुप्त असतें.